शपथेचा माणूस

निवड उलबोसिनने करायची होती. पूर्वजाच्या कबरीपाशी जमलेली सगळी माणसे तिच्याकडे बघत होती. बघत नव्हता फक्त जांगबिल. तो लोकरीच्या जाड नमद्यावर रेलून चाबकाच्या दांड्याने बुटावरचा चिखल खरवडत होता.

"बाई, घाई नाही," पंच दोसान म्हणाला. तो दुसऱ्या टोळीचा, म्हणून मुद्दाम बोलावलेला. "जांगबिलच्या कुळातला कुठलाही एक माणूस सांग. त्यानं कबरीला शपथेची फेरी घालून जांगबिलसाठी आपला जीव गहाण टाकला, तर जांगबिल निर्दोष. नाही टाकला, तर दोषी. त्याला कुणी काही विचारायचं नाही, त्यानंही काही सांगायचं नाही."

ही रीत आजवर जांगबिलच्या सोयीने चालत आली होती. त्याच्या चुलीपाशी राबणारी कलाम्पिर अंगभर वळ घेऊन मेली, तेव्हा त्याचा चुलतभाऊ फेरी घालून मोकळा झाला. म्हाताऱ्या गुराख्याला कोकरे आणायला पातळ बर्फावर धाडले आणि तो बुडाला, तेव्हा पुतण्याने फेरी घातली. निवडीचा हक्क फिर्यादीचा असतो, हे तेव्हाच्या पंचाला आठवले नव्हते. ठाण्यावरचा रशियन साहेब असल्या मरणांसाठी घोड्यावर खोगीर चढवत नसे. दोन्ही वेळा जांगबिलकडे मेजवानी झाली, आणि मेलेल्यांच्या घरच्यांनीच तिथली कढई घासली.

आता उलबोसिनचा नवरा तोकपान, जांगबिलचाच चाकर. सकाळी घोडी शोधायला गेला आणि संध्याकाळी घळीत सापडला, कवटी फुटलेली. घोड्यावरून पडला, असे जांगबिलची माणसे सांगत होती. घोडा पोटाखाली लोंबतं खोगीर घेऊन परत आला, बघा. हे ऐकून घ्यायला आता कुणी तयार नव्हते. आदल्या दिवशी विहिरीवर जांगबिल सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुझं डोकं फोडीन." आणि दुसऱ्या सकाळी तो एकटाच घळीच्या बाजूला घोडा हाकत गेलेला लोकांनी पाहिला होता.

जांगबिल सुटला, तर उलबोसिन आणि तिची दोन मुले त्याच्याच दारात राबणार होती, जन्मभर. नाही सुटला, तर भरपाई म्हणून त्याच्या कळपातला वाटा घेऊन ती माहेरी जाणार होती.

"येलेमेस," उलबोसिन म्हणाली.

माणसे चुळबुळली. येलेमेस जांगबिलचा लांबचा भाऊबंद. घळीपलीकडे बायकोबरोबर राहायचा. चुकून कळपात शिरलेला उंट त्याने चार मुक्कामांवर नेऊन परत केला होता. खोटे बोलायची वेळ आली की त्याला उचकी लागते, असे लोक चेष्टेने म्हणत.

जांगबिल हसला. पोट धरून हसला.

"शाब्बास! मला सांगितलं असतं, तर मीही हाच निवडला असता."

उलबोसिनचा चेहरा उतरला.

"दादा," जांगबिलचा धाकटा भाऊ त्याच्या कानाशी लागला, "त्या दिवशी कुठं होतास, एवढं सांगून टाक की."

"या चाकरणीला? मी कुठं जातो, कुठं बसतो, याचा जाब हिला देऊ? तो येतोय ना. गप बस."

येलेमेस गर्दीतून पुढे आला. लोकांनी वाट दिली, पण तोंडे बंद ठेवली नाहीत.

"काय रे येलेमेस, जांगबिलची मेंढी पोचली का घरी?"

"पोचली कसली, खाऊनही झाली," एक म्हातारी म्हणाली. "ओठ बघा कसे तुकतुकतायत मेल्याचे!"

येलेमेसने कुणाकडे पाहिले नाही. टोपी काढून तो कबरीपर्यंत गेला. दगडावर हात ठेवून उभा राहिला. फार वेळ उभा राहिला. उलबोसिनची मुलगी रडायला लागली, तेव्हा आईने तिचे तोंड आपल्या झग्यात दाबले.

मग येलेमेसने टोपी डोक्यावर घातली, कबरीकडे पाठ केली आणि तो आपल्या घोड्याकडे चालू लागला.

एकच गिल्ला झाला. जांगबिल ताडकन उठला.

"येलेमेस! अरे हरामखोरा, तोंड उघड! तुला माहीत आहे, मी—"

"खाली बस," पंच दोसान म्हणाला. "शपथ नाकारली गेली की आरोपीनं बोलायचं नसतं. आणि त्याला काय माहीत आहे, ते आम्हाला कळलं."

"कलाम्पिरच्या वेळी कुठं गेले होते असले पंच?" कुणीतरी मागून ओरडले. जांगबिलला त्याच्याच भावांनी दंडाला धरून खाली बसवले.

उलबोसिन धावत गेली आणि तिने येलेमेसची रिकीब धरली.

"भाऊ, मला वाटलं, तुम्हीसुद्धा..."

"ओढ्याला पाणी यायच्या आत नीघ," तो म्हणाला. "मुलांना पांघरूण घे."

घरी बायकोला, बातिशला, बातमी त्याच्या आधीच पोचली होती. तिने त्याच्यापुढे कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा ठेवला आणि समोर बसली.

"फार चांगलं केलंत. सोडणार नाही तो आपल्याला, पण चांगलं केलंत. एवढे दिवस पोटात ठेवलंत ते मात्र बरं नाही. बायकोला तरी सांगायचं. कुठून दिसला हो तुम्हाला तो तोकपानला मारताना? टेकाडावरून?"

येलेमेसने वाडगा संपवला.

"मला काही दिसलं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी तू बहिणीच्या बाळंतपणाला गेली होतीस. जांगबिल वाटेतच तापानं फणफणला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तो इथंच पडून होता आणि मी त्याचं डोकं चेपत होतो."