तेलाची वाटी

वाटीतलं तिळाचं तेल अजून कोमट होतं. सिंधू नवऱ्याच्या लुळ्या पायाला ते चोळत होती. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून त्यांची वाचा गेली होती, पण पायाला तेल लागलं की चेहरा निवायचा. आज पोटरी टम्म सुजली होती, म्हणून ती जरा जोरच लावत होती.

राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट धरलं. "मावशी, थांबा. पायात रक्ताची गुठळी झालेली दिसतेय. चोळलंत तर सुटून फुप्फुसात जाईल."

"मग रक्त पातळ करायचं औषध द्या ना."

"तिथेच अडलंय. त्याने मेंदूत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. आम्ही ठरवेपर्यंत त्या पायाला हात लावू नका."

त्या गेल्या. सिंधूने पाय झाकला आणि तेलकट हात पदरात गुंडाळले. आपण इतका वेळ काय करत होतो, या विचाराने तिने तेलाची वाटी खाटेखाली सरकवली.

नवऱ्याने डोळे उघडले. हात का थांबले, ते त्यांना कळेना. धड हाताने त्यांनी पांघरूण बाजूला सारलं आणि सुजलेला पाय तिच्यापुढे उघडा केला.