दोन सीटची गाडी

गाडी ठेवायची की परत करायची हे आई ठरवतील, असं विनयने जाहीर केलं, तेव्हाच त्याची बायको पद्मिनी हरल्यात जमा होती.

गाडी गराजमध्ये उभी होती. त्रेसष्ट सालची शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट, गडद निळी. पद्मिनी डेट्रॉइटजवळच्या एका लॅबमध्ये केमिस्ट होती. गाड्यांचे रंग उन्हात, बर्फात आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठात किती टिकतात, हे तपासणं तिचं काम. बावीस वर्षांनंतरही या निळ्याची खोली कमी झाली नव्हती. बॉडी फायबरग्लासची, म्हणून गंजाचा प्रश्न नाही. दरवाजे वर छतापर्यंत कापत नेलेले, म्हणजे इतक्या ठेंगण्या गाडीत शिरताना डोकं आपटू नये. मागची काच मधल्या एका कण्याने दुभागलेली; तशी काच फक्त त्या एकाच वर्षी निघाली होती. पद्मिनीला त्या गाडीवर एकही रेघ उगाच ओढलेली सापडली नव्हती.

ट्रॉय या उपनगरात, त्यांच्या घरापलीकडच्या गल्लीत मिसेस नोवाक राहत. गाडी त्यांच्या नवऱ्याची. तो गेला आणि गुडघ्यामुळे बाईंना क्लच दाबवेना. त्यांनी पद्मिनीला किल्ली दिली. आठवडाभर ठेवून बघ म्हणाल्या, घरच्यांना पटलं नाही तर रविवारी संध्याकाळपर्यंत परत आण.

घरच्यांना पटलं नव्हतं. विनयचा हिशोब सोपा होता. माणसं चार, सीट दोन. शिवाय स्टेशन वॅगन होतीच. सुट्टीच्या दिवशी कुठेही निघालं की विनय चालवायचा, त्याचा कुणी मित्र त्याच्या शेजारी, मधल्या सीटवर पाहुणे, आणि पद्मिनी सगळ्यात शेवटी, उलट्या तोंडाच्या सीटवर, लेकीला, सीमाला, आणि श्रीखंडाच्या पातेल्याला सांभाळत. नायगारा असो की शिकागो, रस्ता तिने दूर जातानाच पाहिला होता. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. ‘मला ही गाडी हवी आहे,’ एवढंच ती विनयला म्हणाली. तो हसला नाही, रागावलाही नाही. आईला विचारू, म्हणाला.

विनयचा मित्र कुमार मात्र पोट धरून हसला. वहिनी, अजून एक घ्या, म्हणजे अख्खं कुटुंब पिकनिकला जाईल, असं त्याने फोनवरूनच सुचवलं होतं.

आई, म्हणजे पद्मिनीच्या सासूबाई, मार्चमध्ये अमरावतीहून आल्या होत्या. आल्यापासून त्या पेपर टॉवेल धुऊन वाळत घालत. दह्याचे रिकामे डबे त्यांनी कपाटात एकात एक रचून ठेवले होते. अशी बाई मागची सीटच नसलेल्या गाडीला काय म्हणणार, हे कुणाला वेगळं सांगायला नको होतं. गाडीबद्दल त्या आठवडाभर एक शब्दही बोलल्या नाहीत. फक्त रोज दुपारी गराजमध्ये जात आणि हाताची घडी घालून गाडीसमोर उभ्या राहत. शाळेतून आलेल्या सीमाने ते पाहिलं. “आजी जस्ट स्टँड्स देअर, मॉम,” ती म्हणाली. “शी लुक्स मॅड.”

रविवारी दुपारी पद्मिनीने गाडी स्वतःच ड्राइव्हवेवर काढली. परत करायची तर पुसून द्यावी, म्हणून तिने बॉनेटवरून मऊ फडकं फिरवलं. निळ्या रंगात तिचा हात खोल पाण्यात दिसावा तसा दिसत होता. शेवटी तिने चारही चाकं पुसली.

कुमार खास निकाल ऐकायला आला होता. विनयने आईंना बोलावलं.

आई बाहेर आल्या. नऊवारीखाली सीमाचे जुने स्नीकर्स, नाड्या घट्ट बांधलेल्या. त्यांनी गाडीला एक पूर्ण फेरी घातली. मागच्या काचेपाशी थोडं थांबल्या, कण्यावर बोट टेकवलं.

“बोल आई,” विनय म्हणाला. “ठेवायची की परत?”

आईंनी पदर कमरेला खोचला, डावीकडचं दार उघडलं आणि वाकून आत बसल्या.

कुमारला हसू आवरेना. विनय पुढे झाला. “आई, ती ड्रायव्हरची बाजू. इथे आपल्या उलट असतं. तू पलीकडून बस.”

“माहीत आहे मला.”

त्यांनी खाली हात घालून सीट पुढे ओढली. त्यांचा डावा हात काहीतरी शोधत दाराकडे गेला. तिथे काही नव्हतं. मग उजवा हात पुढे आला आणि गिअरच्या दांड्यावर स्थिरावला. डाव्या पायाने त्यांनी क्लच सावकाश, तळापर्यंत दाबला. कुमारचं हसणं थांबलं होतं.

आईंनी किल्लीसाठी हात बाहेर काढला.

“माझ्या वडिलांच्या शेव्हरोलेला तीनच गिअर होते,” त्या म्हणाल्या. “हिला किती, पद्मिनी?”