अजून पिवळंच

कोरियातल्या नाजू गावच्या दोल्सू रंगाऱ्याला लेकीच्या लग्नाचा घागरा करडईच्या लाल रंगात रंगवायचा होता. फुलांतला पिवळा साध्या पाण्याने पुरता निघाल्याशिवाय राखेच्या पाण्यात लाल उतरत नाही. आणि घागरा झाल्याशिवाय लग्नाची तारीख धरायची नाही, हा त्याचा हट्ट.

रोज फुलं धुऊन तो सांगायचा, “अजून पिवळंच येतंय.”

“अहो, व्याही विचारतायत, घागरा सुनेसाठी रंगवताय की नातसुनेसाठी?” बायको टोचायची.

एका पहाटे ती अंगणात आली, तर दोल्सू धुतलेल्या फुलांत ताज्या फुलांची मूठ हळूच मिसळत होता. तिने एकदा आत झोपलेल्या लेकीकडे पाहिलं.

“एवढंसं आठवडाभरही पुरायचं नाही,” म्हणत तिने फुलांचं पोतं पुढे ओढलं.