पुन्हा तपासा

“रिपोर्ट पेशंटच्या हातात द्यायचा असतो, डॉक्टर. तुम्ही तो सुपरवायझरला दिलात.”

बुशरा खुर्चीतून उठायला तयार नव्हती. मांडीवर अडीच महिन्यांचा सैफ झोपला होता.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. रांजणगावच्या कंपनीत परमनंट होणाऱ्या कामगारांची तपासणी त्यांच्या या शिरूरच्या दवाखान्यात चाले. आजवर कुणाची बायको भांडायला आली नव्हती.

“कंपनीची पद्धत आहे ती, बाई. ज्याच्या लघवीत अफू सापडते, त्याला मशीनवर उभं करत नाहीत.”

“माझे मिस्टर अफू खात नाहीत.”

“सगळ्याच बायका असं म्हणतात.”

सुपरवायझरनं तो कागद गेटवर, अख्ख्या पाळीसमोर वाचून दाखवला होता. शोएब घरी पोचायच्या आत बातमी सणसवाडीला पोचली. संध्याकाळी घरमालकीण धुरपदामावशी दारात येऊन उभी.

“व्हय गं, तुझा दादला नशा करतो म्हणं? लेकीबाळींची चाळ हाय बाई. पुढच्या म्हयन्यात दुसरीकडं बघा.”

तेव्हापासून नळावरच्या बायका बुशराला बघितलं की गप्प व्हायच्या. हंडा भरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बोलायला घरात शोएब तेवढा होता, तर तोही भिंतीकडं तोंड करून पडलेला. “जाऊ दे बुशरा, दुसरी कंपनी बघू.” एवढंच त्याचं पालुपद.

तिला ते जाऊ देता येत नव्हतं. दौंडच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन ती बी.एस्सी. झाली होती. खसखस आणि अफू एकाच बोंडातून निघतात, हे सैफला पाजता पाजता तिला अचानक आठवलं आणि सकाळी तिनं शिरूरची जीप धरली.

“खसखस खाल्ली तरी तपासणीत अफू दिसते. खरं की खोटं?”

डॉक्टर जरा थबकले. “दिसू शकते. भरपूर खाल्ली असेल तर.”

“माझ्या अम्मीनं दौंडहून डिंकाचे लाडू दिलेत. तिचा हात सढळ आहे. खसखस मुठीनं घालते.”

“ते तर बाळंतिणीचे. तो खातो?”

बुशरानं सैफचं टोपरं नीट केलं. शोएबला गोडाचं वावडं. त्या डब्याला त्याचा हातही लागला नव्हता, तिनं एकटीनंच तो संपवत आणला होता. पण चूक मशीनची असो की माणसाची, ती शोधून कोण देणार? त्याला सोडवायला हीच एक वाट दिसत होती.

“रोज सकाळी दोन,” ती म्हणाली. “माझ्यापेक्षा तेच जास्त खातात.”

“एवढी खात्री आहे नवऱ्याची?”

“पाळी करून आले की बाळाची दुपटी धुतात. त्याला डोसाला नेणं, माझ्या गोळ्या आणणं, शुगरसाठी माझी लघवीची बाटली तपासायला देणं, सगळं तेच बघतात. मी तिथं एकटी आहे डॉक्टर. जेवलीस का, म्हणून विचारणारं दुसरं कुणी नाही. असा माणूस नशा करेल?”

डॉक्टरांनी कागद ओढून घेतला आणि त्यावर काहीतरी खरडलं.

“बरं. लाडू आजपासून बंद. सोमवारी पुन्हा तपासू. साफ निघाला तर कंपनीला मी स्वतः लिहीन. पण या खेपेला घरून भरून आणायचं नाही. इथंच द्यायचं, माझ्या कंपाउंडरसमोर.”

“चालेल. आणि रिपोर्ट आमच्या हातात.”

“वकील व्हायला पाहिजे होतं तुम्ही,” डॉक्टर हसले.

परतीच्या जीपमध्ये ती आपल्याशीच हसत होती. कित्येक दिवसांनी तिला भूक लागली होती.

घरी येताच तिनं सैफला झोळीत घातलं आणि शोएबला हलवून उठवलं. लाडवांची थाप, सोमवार, कंपाउंडर, सगळं एका दमात सांगून टाकलं.

“समोर उभं राहून?” त्यानं विचारलं.

“मग? त्यात काय लाजायचं? कागद आला की पहिली नळावर जाणार मी. धुरपदामावशीला वाचून दाखवणार.”

 पलीकडच्या खोलीतली पोरं पाळीवरून आली, त्यांनी नेहमीसारखी त्याला हाक मारली. तो जागचा हलला नाही.

“बुशरा, माझी बाटली दिली असती, तर गांजा आला असता,” तो म्हणाला. “म्हणून तुझी दिली.”