अण्णांचं लाल पेन

व्हिसाचं पत्र आलं तेव्हा अण्णा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. शलाकाने पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "तूच वाच."

बार्शीच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस! पण व्हिसाच्या इंग्रजी परीक्षेत लेक तीनदा नापास झाली, तेव्हा त्यांनीच भाषारोपण केंद्रात दोघांची नावं घातली. शेजारशेजारच्या खाटांवर झोपून बापाच्या डोक्यातलं इंग्रजी लेकीच्या डोक्यात गेलं. देणाऱ्याकडे काहीच उरत नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. "मला आता कुणाशी बोलायचंय इंग्रजी?" म्हणून अण्णांनी सही ठोकली होती.

शलाका एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागली. तिसऱ्या ओळीला तिच्या कपाळावर आठी पडली. हात आपसूक अण्णांच्या खिशाकडे गेला. निवृत्तीनंतरही तिथेच असलेलं लाल पेन तिने काढलं आणि एका शब्दाभोवती गोल केला.

अण्णा वाकून त्या गोलाकडे बघत राहिले. मग मागच्या बाकावरच्या पोरासारखं दबकत त्यांनी विचारलं, "काय चुकलंय गं तिथं?"