साहेबाचा साहेब

अमेरिकेने डोळे वटारले आणि इंग्रजांना सुएझमधून सैन्य मागे घ्यावं लागलं, त्या आठवड्यातली गोष्ट. मी जर्मनीत कार्ल्सरूहेला डॉक्टरेट करत होतो आणि दुपारी तिथल्या अमेरिकन छावणीत तांत्रिक कागदांची भाषांतरं करायचो. शेजारच्या टेबलावर हॅरोवे नावाचा इंग्रज होता. त्या दिवशी तो तोंडातला पाइप न काढता आमच्या अमेरिकन मेजरची नक्कल करत होता. ते च्युइंगम चघळणं, टेबलावर पाय टाकणं, नाकातून बोलणं.

"यांना बोलायला आम्ही शिकवलं, दिनकर. आणि आता हे आम्हाला शहाणपण शिकवणार."

बाहेर जीप थांबली. हॅरोवेने घाईघाईने पाइप विझवला, कोटाच्या खिशात कोंबला आणि ताठ उभा राहिला.

मेजर दारातूनच म्हणाला, "तुमचे लोक निघाले म्हणे इजिप्तमधून. बरं केलंत."

"येस, सर," हॅरोवे म्हणाला. वर हसलाही.

मेजर गेल्यावर तो पुटपुटला, "गावंढळ. असल्या माणसासमोर उभं राहणं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं."

"कळतं की," मी म्हणालो. "माझे वडील साताऱ्याला तुमच्या कलेक्टरच्या कचेरीत कारकून होते. साहेबाची मोटार वाजली की तोंडातलं पान थुंकून असेच उभे राहायचे. नक्कल मात्र तुमच्यापेक्षा चांगली करायचे."