बेसूर कोण गाणार?

“छान,” म्हातारा ऑर्गनवादक म्हणाला, “पण एवढ्यावर ही जागा मिळत नाही.”

चर्चमधली मंडळी चुळबुळली. मागच्या बाकावर बसलेली इस्त्रीवाली तर बाकाच्या कडेवर सरकली. ऑर्गनवर तिची लेक बसली होती. म्हाताऱ्याचे हात आता थरथरायला लागले होते, आणि आपल्यामागे त्या ऑर्गनवर कोण बसणार हे तोच ठरवणार होता. पाळकांनी तसं सगळ्यांदेखत सांगितलंच होतं. आज लेक कसोटीला उतरली तर जागा तिची, नाहीतर बाहेरून कुणीतरी बोलवायचं.

दिलेली सगळी गीतं लेकीनं वाजवली होती. कुठे म्हणून अडखळली नव्हती. मग गायनवृंदातली नर्स उठून गायली, आणि ऑर्गन तिच्या पावलावर पाऊल टाकत गेला. इस्त्रीवालीची मान अशी ताठ झाली की विचारू नका. शेजारी बसलेल्या नणंदेला तिनं कोपरानं ढोसलंही. “बघितलंत ना, वन्सं?”

आणि आता हा म्हातारा म्हणतो, एवढ्यावर नाही!

“सुरात गाणाऱ्याच्या मागे कुणीही जाईल,” तो म्हणाला. “पण आपल्याकडे काय सगळे सुरात गाणारेच येतात? ज्याच्या मनात येतं तो जागेवर उभा राहतो आणि गायला लागतो. त्याला अर्ध्यात सोडायचं नाही, हे इथल्या वादकाचं काम. तेव्हा आता बेसूर कोण गाणार, बोला.”

हशा पिकला. पण उठेना कुणी. आपण बेसूर आहोत हे चारचौघांत कबूल कोण करणार? सुतार छताकडे बघायला लागला. शाळेतल्या बाईंनी पर्स उघडून त्यात काहीबाही शोधायला घेतलं. आणि मग हळूहळू एकेक मान मागच्या बाकाकडे वळली.

इस्त्रीवालीनं मान खाली घातली. तिचा आवाज सगळ्या गल्लीला ठाऊक होता, नको तितका ठाऊक होता. नवरा म्हणायचा, “अगं, तू गायलीस की इस्त्री केलेले कपडे पुन्हा चुरगळतात.” ते तिनं हसण्यावारी नेलं. लागलं ते पोरीचं. ही कपड्यांवर इस्त्री फिरवत गायला लागली, की एवढीशी पोर खेळ टाकून कोपऱ्यातल्या जुन्या कीबोर्डकडे धावायची आणि धडाधड तो बडवायला लागायची. आईचं गाणं संपेपर्यंत थांबायची म्हणून नाही. आई काय समजायचं ते समजली. पोटच्या पोरीलाही आपला आवाज सोसवत नाही! तिनं एक दिवस तोंड मिटलं ते मिटलंच. पुढे पोर म्हाताऱ्याकडे शिकायला जायला लागली, तिची बोटं पळायला लागली, तेव्हा आईला वाटलं, बरं झालं बाई, आपण वेळीच गप्प बसलो. चर्चमध्येही ती नुसते ओठ हलवायची.

आज आपण उठलो की संपलंच. पोरीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी.

“वहिनी, उठू नका हं,” नणंद कुजबुजली. “हातातोंडाशी आलेला घास आहे.”

“मी काय वेडी आहे?”

तेवढ्यात ऑर्गनकडून आवाज आला.

“आई, ऊठ. तू गा.”

आता काय करता! ती उठली. पहिली ओळ तिनं जी धरली ती भलतीच वर. दुसऱ्या ओळीला घसरली, आणि तिसरीला कुठे गेली ते तिचं तिलाच कळेना. पण आज काहीतरी निराळंच घडत होतं. ती जिकडे घसरेल तिकडे ऑर्गन आधीच येऊन उभा. ती वर गेली की तोही वर. दम संपून ती मध्येच थांबली, तर ती जागा त्यानं अशी भरून काढली की जणू तिथे थांबायचंच होतं. पुढच्या बाकावरून कुणीतरी टाळी धरली. सुतार गायला लागला, शाळेतल्या बाई गायला लागल्या. शेवटच्या ओळीला अख्खं चर्च उभं होतं, आणि त्या सगळ्यांत इस्त्रीवालीला आपला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. जन्मात पहिल्यांदा तिला त्याची लाज वाटली नाही.

म्हाताऱ्यानं खिशातून ऑर्गनच्या किल्ल्या काढल्या आणि लेकीसमोर ठेवल्या.

“जागा तुझी,” तो म्हणाला. “पण हे काही मी तुला शिकवलेलं नाही, पोरी. हे कुणी शिकवलं?”

लेक उठून उभी राहिली. भर मंडळीत, मान वर करून, तिनं आईकडे बोट दाखवलं.

“हिनं. इस्त्री करताना ही गायची, आणि दर ओळीला नवी पट्टी! मी कीबोर्डवर हिला शोधत बसायचे. जरा कुठे सापडायला लागली, तर हिनं गाणंच बंद केलं.”